पिस्तुलाचा परवाना आणि राज्याची सीमा: गाडी काढण्याआधी काय तपासावं

अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स टेक्सासचं असो वा ओहायोचं, देशभर चालतं. पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याचं तसं नाही. बाहेरचा कुठला परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना जवळ ठेवून न्यू जर्सीत गेली. पोलिसांनी वाहतुकीच्या कारणावरून गाडी थांबवली तेव्हा तिने आपणहून पिस्तूल असल्याचं सांगितलं, परवानाही दाखवला. तिला तिथेच अटक झाली आणि डोक्यावर किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. एवढ्या नशिबावर विसंबून कुणी प्रवास करू नये.

सगळ्या राज्यांना एकमेकांचे परवाने मानायला लावणारं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, पण सिनेटमध्ये अडकलं. तेव्हा प्रत्येक सीमेवर नियम नव्याने पाहणं आलंच.

मान्यतेचे प्रकार आधी समजून घ्या. काही राज्यं एकमेकांचे परवाने करारानुसार मानतात. काही राज्यं समोरच्याने मानो वा न मानो, एकतर्फी मानतात. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ओरेगॉन आणि हवाई ही राज्यं बाहेरचा कुठलाच परवाना मानत नाहीत. इलिनॉयचं धोरण अर्धवट आहे. तुमच्या राज्याचा परवाना असेल तर गाडीत बसलेले असेपर्यंत पिस्तूल जवळ ठेवता येतं, पण उतरताना ते बंद गाडीतच ठेवावं लागतं. पेट्रोल भरायला उतरतानाही हे लक्षात ठेवा.

बरेच जण फसतात ते रहिवासाच्या अटीत. कोलोराडो आणि मिशिगन बाहेरचा परवाना मानतात, पण धारक परवाना देणाऱ्या राज्याचा रहिवासी असेल तरच. युटासारखी राज्यं बाहेरच्यांनाही परवाना देतात, आणि तो घेतला की जास्त राज्यं आपसूक मिळतात असं समजून लोक पैसे भरतात. कोलोराडोत त्याचा काही उपयोग नाही. घर बदलणाऱ्यांनाही हाच नियम नडतो. टेक्सासचा रहिवासी कोलोराडोला राहायला गेला की त्याच्या टेक्सास परवान्याची मुदत शिल्लक असूनही तो तिथे चालत नाही. पत्ता बदलला की नव्या राज्याच्या परवान्याचा अर्ज आधी टाका.

आता २९ राज्यांत परवान्याविना पिस्तूल बाळगता येतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवाना लागत नाही. म्हणून परवाना काढूच नये, हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. कोलोराडोसारख्या राज्यात तुमच्याकडे कार्ड नसेल तर मानायला काही उरतच नाही. टेक्सासच्या परवान्याची फी ४० डॉलर आहे. वर्ग चार ते सहा तासांचा असतो आणि नेमबाजीच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडाव्या लागतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण पुरतात.

परवाना मानला म्हणजे तुमच्या राज्याचा कायदा तुमच्यासोबत आला, असं होत नाही. चाक ज्या मातीवर, कायदा तिथला. कोलोराडोत १५ गोळ्यांपेक्षा मोठं मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारा गोळ्यांचा कप्पा, चालत नाही, आणि टेक्सासमध्ये दुकानातून पिस्तुलासोबत १७ गोळ्यांचं मॅगझिन सर्रास मिळतं. परवाना वैध, पिस्तूल वैध, पण मॅगझिन बेकायदा, अशी स्थिती होते. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात मर्यादा १० ची आहे. न्यू जर्सीत तर पोकळ टोकाच्या, म्हणजे हॉलो पॉइंट गोळ्या घराबाहेर बाळगण्यावरही निर्बंध आहेत. इतर राज्यांत स्वसंरक्षणासाठी सगळे ज्या गोळ्या वापरतात, त्याच या.

पोलिसांना सांगण्याचा नियमही बदलतो. मिशिगनमध्ये गाडी थांबवली की पिस्तूल असल्याचं लगेच आपणहून सांगावं लागतं. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितल्यावर त्यासोबत परवानाही दाखवायचा असतो. दोन्हीकडे एकच सवय उपयोगी पडते. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, पिस्तूल कुठे आहे ते शांतपणे सांगा आणि सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

टेक्सासला येणाऱ्यांनी तिथल्या पाट्या वाचायला शिकावं. ३०.०६ क्रमांकाची पाटी परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करते, ३०.०७ उघडपणे बाळगायला. परवान्याविना बाळगणाऱ्यांसाठी ३०.०५ ची पाटी वेगळी असते. ३०.०६ आणि ३०.०७ चा मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. लाल रंगात ५१% लिहिलेलं दिसलं तर ते मद्यालय आहे, आत जाण्यापूर्वी मागे फिरा.

शाळांचा नियम संघराज्याचा आहे आणि परस्पर मान्यतेतली सगळ्यात मोठी फट तोच उघडी पाडतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, सार्वजनिक रस्त्यावरसुद्धा, पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. परवानाधारकाला सूट मिळते, पण ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर. शस्त्रांचं नियमन करणारी एटीएफ ही संघीय संस्था या तरतुदीचा अर्थ असाच लावते. म्हणजे टेक्सासचा परवाना ओक्लाहोमा मानत असला तरी तिथल्या शाळेजवळून भरलेलं पिस्तूल घेऊन जाताना या कायद्यापुरता तो परवाना मोजला जात नाही. परवान्याविना बाळगणाऱ्याला तर स्वतःच्या राज्यातही ही सूट नाही. कुठल्याही गावातल्या मुख्य रस्त्याने गेलात तरी एखादी शाळा या अंतरात येतेच. कुलूपबंद पेटीत, रिकामं ठेवलेलं पिस्तूल मात्र चालतं.

न मानणारं राज्य वाटेत येत असेल तर १९८६ च्या संघीय कायद्याचं कलम ९२६अ उपयोगी पडतं. पण त्याच्या अटी नीट वाचा. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोहोचणार तिथे, दोन्हीकडे तुम्हाला ते पिस्तूल बाळगण्याचा कायदेशीर अधिकार हवा. प्रवासात ते रिकामं हवं. पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही बसण्याच्या जागेतून हाताला लागता कामा नयेत, म्हणून डिकीत ठेवा. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते आणि ग्लव्हबॉक्स किंवा मधला कप्पा पेटी म्हणून धरला जात नाही. आय-८१ महामार्ग वेस्ट व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यामध्ये मेरीलँडमधून जेमतेम १२ मैल जातो. त्या १२ मैलांसाठीही सीमेच्या अलीकडे शांत जागी थांबून मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, पेटीला कुलूप लावा. सीमा ओलांडल्यावर रस्त्याकडेला थांबून हे करायला गेलात तर तेवढा वेळ भरलेलं पिस्तूल मेरीलँडमध्ये तुमच्या हातात असतं.

पहिली अट न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे निघालेल्या माणसाला थेट लागू होते. मुक्कामच न्यू जर्सीत असेल तर हे कलम तुम्हाला वाचवत नाही. पिस्तूल घरी तिजोरीत ठेवून जा, याहून वेगळा सल्ला मी देणार नाही.

विमानात पिस्तूल फक्त चेक-इन सामानात जातं. रिकामं, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, आणि काउंटरवर आपणहून जाहीर करून. गोळ्या त्यांच्यासाठीच बनवलेल्या पेटीत ठेवायच्या. खरी अडचण विमान चुकल्यावर येते. युटाचा एक प्रवासी २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियाला चालला होता. पुढचा टप्पा हुकला, बॅग त्याच्या ताब्यात आली आणि तो ती घेऊन हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पिस्तूल जाहीर करताच त्याला अटक झाली. हॉटेलातल्या मुक्कामात पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून कलम ९२६अ लागू नाही, असं तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. नेवार्क किंवा न्यू यॉर्कच्या जेएफके विमानतळावर अडकलात तर बॅग ताब्यात घेऊ नका, विमान कंपनीलाच ठेवायला सांगा. त्याहून बरं म्हणजे तिकीट काढतानाच हे थांबे टाळा.

कॅनडाची वाट तर सोडूनच द्या. डेट्रॉइटहून बफेलोला ओंटारिओतून अंतर कमी पडतं, पण तिथे तुमचा कुठलाच अमेरिकी परवाना चालत नाही. मेक्सिकोचंही तेच. पोस्ट ऑफिसच्या इमारतीत आणि तिच्या पार्किंगमध्ये मनाई सगळ्या राज्यांत सारखीच आहे.

आपल्या लोकांसाठी शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने पिस्तूल वा गोळी बाळगायलाच मनाई आहे. राज्य परवाना मागत नाही म्हणून ही मनाई उठत नाही. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडतं. भारतातून आलेल्या आईवडिलांना गंमत म्हणून रेंजवर नेणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. वैध शिकार परवाना हा यातला नेहमीचा अपवाद आहे, तो हातात नसताना रेंजच्या काउंटरवर फॉर्म भरू नका. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही, पण शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारीचं ते स्वतंत्र कारण ठरतं. म्हणून न्यू जर्सीत असं प्रकरण अंगावर आलं तर फौजदारी वकिलाच्या जोडीने इमिग्रेशनचा वकीलही पहिल्या दिवसापासून धरा, आणि दोघांनी एकत्र पाहिल्याशिवाय कुठलाही गुन्हा कबूल करू नका.