लूइस बेटावर सर्फिंग: डालमोरच्या लाटा आणि तिथे जाण्याची तयारी

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. तिच्या उत्तर टोकाला लूइस. अक्षांश ५८ उत्तर. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, तर मधले फ्लॅनन बेटांसारखे थोडे खडक सोडल्यास थेट कॅनडाच्या लॅब्रॅडोरपर्यंत पाणीच पाणी. पावसाळी कमी दाबाची क्षेत्रं आइसलंडच्या बाजूने एकामागून एक सरकत येतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून या किनाऱ्यावर फुटतात. एवढ्या ताकदीच्या लाटा पोर्तुगालमध्ये किंवा कॉर्नवॉलमध्ये फुटत असत्या तर पाण्यात पाय ठेवायला जागा मिळाली नसती. लूइसवर मी आणि माझी मैत्रीण अख्खी सकाळ दोघीच होतो.

आम्ही गेलो सप्टेंबरअखेर, आणि माझ्या मते हाच काळ सगळ्यात चांगला. उन्हाळाभर तापून पाणी १३ अंशांच्या आसपास असतं, लाटांचा हंगाम सुरू झालेला असतो आणि दिवस अजून बारा तासांचा असतो. डिसेंबरात सूर्य नवाच्या पुढे उगवतो आणि साडेतीन-पावणेचारला मावळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ७-८ अंशांवर येतं. जून-जुलैमध्ये रात्री दहा वाजताही उजेड असतो, पण समुद्र बरेचदा सपाट असतो आणि वारा पडला की मिज नावाची चिलटं सहनशक्तीचा कडेलोट होईपर्यंत चावतात.

पोचायचं कसं

इन्व्हर्नेसहून अलापूल गाडीने दीड तास, तिथून कॅलमॅक कंपनीची फेरी, स्टॉर्नोवे बंदरापर्यंत अडीच-पावणेतीन तास. गाडी न्यायची असेल तर जागा लवकर राखून ठेवा. नुसत्या प्रवाशाला सहसा अडचण येत नाही. ग्लासगो आणि इन्व्हर्नेसहून विमानंही आहेत, पण ती लहान. बोर्ड नेता येईल का हे तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला विचारा. बेटावर गाडी हवीच. बस आहेत, पण त्या लाटा आणि भरतीचं वेळापत्रक पाहून सुटत नाहीत, आणि रविवारी त्या नसतात.

रविवारचं थोडं सविस्तर सांगते. लूइसवर प्रॉटेस्टंट पंथाची रविवार पाळण्याची परंपरा अजून घट्ट आहे. रविवारची फेरीसुद्धा २००९ साली सुरू झाली, तीही बऱ्याच विरोधानंतर. दुकानं, पेट्रोल पंप, खाण्याच्या जागा यांतलं बरंचसं बंद असतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत टाकी भरून घ्या, दूध-ब्रेड-अंडी आणून ठेवा. समुद्रात जायला बंदी नाही, पण चर्चची वेळ असताना गावातून मोठ्याने गाणी लावत जाऊ नका आणि रस्त्याकडेला उघड्यावर कपडे बदलू नका. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, म्हणूनच आपण जपायचं.

फेरी स्टॉर्नोवेत शिरताना उजव्या हाताला होमचं टोक लागतं. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, पहिल्या महायुद्धातून घरी परतणाऱ्या बेटकरी खलाशांना घेऊन येणारी 'आयोलेअर' ही बोट इथल्याच खडकांवर आपटली आणि २०१ माणसं गेली. बंदर डोळ्यांसमोर, घरं दिसण्याइतकी जवळ. इथली माणसं समुद्राविषयी कमी का बोलतात आणि बोलली की आपण नीट का ऐकावं, हे त्या टोकाकडे पाहताना कळतं.

डाव्या हाताला झाडीत लूज कॅसल दिसतो. जेम्स मॅथेसनने १८४४ मध्ये हे आख्खं बेट विकत घेतलं आणि हा वाडा बांधला. पैसा चीनला विकलेल्या अफूचा. जार्डिन-मॅथेसन पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी व्यापारी म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. आपल्या जे. जे. रुग्णालयामागची आणि या वाड्यामागची संपत्ती एकाच व्यापारातून आलेली आहे. सर्फिंगशी याचा काही संबंध नाही, पण मुंबईकराला तिथे उभं राहून हे आठवल्याशिवाय राहत नाही.

डालमोर

स्टॉर्नोवेपासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटरवर डालमोरची पुळण आहे. शेवटचा रस्ता एकेरी. समोरून गाडी आली तर रुंद केलेल्या जागेत थांबायचं, हात वर करायचा, पुढे जायचं. त्या जागा गाडी उभी करून फोटो काढायला नाहीत. मेंढ्या रस्त्यावर झोपलेल्या असतात. त्या उठतात, पण सावकाश.

रस्ता संपतो तिथे दफनभूमी आणि तिला लागून वाळू. समुद्राने जमीन खाऊ नये म्हणून दफनभूमीला भिंत घातली आहे. तिथे कोणी आलं असेल तर गाण्याचा आवाज बंद, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) कमरेपर्यंत उतरवून फिरणं बंद. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ एका थडग्यापाशी गवत उपटत होते. आम्ही मान लववली. परत जाताना ते गाडीपाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, "डावीकडच्या कड्यापाशी जाऊ नका, तिथून पाणी बाहेर जातं." आम्हाला तोवर ते दिसलं होतं, पण ते सांगायला थांबले याचं फार बरं वाटलं.

ही पुळण लहान आहे, दोन्ही टोकांना कडे आणि सुटे उभे सुळके, वरच्या अंगाला गोट्यांचा बांध. तोंड वायव्येला. म्हणजे पश्चिम ते वायव्येकडून येणारी लाट सरळ आत शिरते आणि आग्नेयेचा वारा असला की तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, शाळेत शिकलेल्या मतलई वाऱ्यासारखा. असा वारा लाटेच्या तोंडाला लागतो, तिला उभी धरतो आणि ती उशिरा, स्वच्छ फुटते. नैऋत्येचा किंवा वायव्येचा जोराचा वारा असेल तर पाण्याचा नुसता काला होतो. मग गाडी वळवायची.

अंदाज पाहताना लाटेच्या उंचीइतकाच दोन लाटांमधला काळ पाहा. ८ सेकंदांची दीड मीटर लाट ही जवळच्या वाऱ्याची, विस्कळीत आणि दमाला कमी. १४ सेकंदांची दीड मीटर लाट लांबून आलेली असते. उथळात आली की तीच डोक्याच्या वर उठते. गोव्यात किंवा कर्नाटकात मुळकीला शिकलेल्यांची नजर उंचीच्या आकड्यावर जाते. इथे आधी सेकंद वाचा. १२ च्या वर असतील आणि तुमचा अनुभव वर्षभराचा असेल, तर त्या दिवशी किनाऱ्यावरून बघा.

भरती-ओहोटीत इथे उधाणाच्या दिवसांत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी गोट्यांच्या बांधापर्यंत येतं आणि लाट एकदम कोरड्या काठावर आपटते. तेव्हा पाण्यात शिरणं अवघड आणि बाहेर येणं त्याहून अवघड. आम्हाला ओहोटी लागून दोनेक तास झाल्यावर, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर लाट सगळ्यात चांगली मिळाली. हा पट्टा प्रत्येक वादळानंतर सरकतो, म्हणून माझा अनुभव जसाच्या तसा उचलू नका.

आत जाण्याआधीची वीस मिनिटं

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे: गर्दी नाही याचा अर्थ तुमच्यावर नजर ठेवायलाही कोणी नाही. जीवरक्षक नाही, पलीकडे पोहणारा शहाणा सर्फर नाही, आणि कड्यांच्या कुशीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. गर्दीच्या किनाऱ्यावर इतर लोक कुठून आत जातात ते बघून आपण अर्धी माहिती फुकटात मिळवतो. इथे ती स्वतः काढायची असते.

म्हणून वेटसूट घालण्याआधी उंचावर बसून वीस मिनिटं पाणी वाचायचं. मोठ्या लाटांचा गट किती वेळाने येतो? तो दहा-बारा मिनिटांनीही येऊ शकतो, त्यामुळे पाच मिनिटं पाहून "ठीक आहे" म्हणू नका. खेच, म्हणजे काठावरून समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह, कुठे आहे? डालमोरला ती डाव्या कड्याला लागून होती. आजूबाजूला पांढरा फेस, मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा. त्यात लाट फुटत नव्हती, वाळूने गढूळलेलं पाणी आणि समुद्रशैवालाचे तुकडे त्यातून संथपणे समुद्राकडे निघाले होते. नवख्याला तीच सगळ्यात शांत जागा वाटते. अनुभवी सर्फर त्या खेचेचा वापर आत जायला करतातही, पण त्यांना परतीची वाट ठाऊक असते.

खेचेत सापडलात तर काठाकडे तोंड करून झगडू नका. बोर्ड सोडू नका. आडवं, जिथे लाटा फुटत आहेत तिकडे वल्हवत जा. फुटणारी लाटच तुम्हाला काठाकडे आणते. बोर्ड सुटला तर पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, एक हात वर करून हलवा.

आम्ही एक नियम ठेवला होता: एकीने बाहेर यायचं ठरवलं की दुसरी विचारत न बसता येणार. एकट्याने जाऊच नका. राहण्याच्या ठिकाणी कुठे चाललो आणि किती वाजेपर्यंत येऊ हे सांगून निघा. मदत लागली तर ९९९ किंवा ११२, आणि 'कोस्टगार्ड' मागायचं. कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर स्टॉर्नोवेलाच असतं, पण फोन लागला तरच ना. रेंज शेवटची कुठे होती ते येताना पाहून ठेवा.

थंडी

सप्टेंबरातही ५/४ मिलिमीटरचा (धडाला पाच, हातापायांना चार), टोपी जोडलेला वेटसूट, पाच मिलिमीटरचे बूट आणि तीनचे हातमोजे लागतात. हिवाळ्यात सहाचा सूट आणि जाड मोजे. सूट नवा नसेल तर शिवण उसवलेली आहे का ते घरीच पाहा. एवढं रबर अंगावर चढलं की माणूस जड होतो आणि खांदे लवकर भरून येतात, म्हणून नेहमीपेक्षा जरा मोठा, जास्त तरंगणारा बोर्ड घ्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण थंड पाण्यासाठी वेगळं मिळतं. गोव्यातलं मेण इथे दगड होतं.

थर्मासमध्ये गरम पाणी न्या, दोन कारणांसाठी. शिरण्याआधी मोज्यांत आणि बुटांत थोडं ओतलं की पहिली दहा मिनिटं हात कामाचे राहतात. आणि बाहेर आल्यावर बोटं चेन ओढू शकत नाहीत, तेव्हा तेच पाणी मनगटावर ओतायचं. उकळतं नको, कोमट.

पाण्यात असताना मध्येच अंगठा करंगळीला टेकवून पाहायचा. टेकत नसेल तर बाहेर, लाट कितीही सुंदर असो. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरत राहतं, म्हणून आधी डोकं-छाती कोरडी, लोकरीची टोपी, थरांवर थर, गोड चहा. थरथर थांबल्याशिवाय गाडी चालवायची नाही. आम्ही मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते. गाडीचं मागचं दार उघडं टाकून, पाय ब्लँकेटमध्ये, समोर लाटा फुटत असताना खाल्लेला तो लाडू मला चांगलाच लक्षात राहील. शाकाहारींसाठी एक सूचना: नाश्त्यातलं स्टॉर्नोवेचं प्रसिद्ध 'ब्लॅक पुडिंग' रक्ताचं असतं.

आणखी किनारे, आणि कोणी जावं

उत्तर टोकाजवळ योरोपीची पुळण आहे, पश्चिमेला तोंड करून, लाट मोठी आणि वारा सतत. पश्चिमेच्या लाटा फार मोठ्या वाटल्या तर बेट ओलांडून पोर्ट ऑफ नेसला जा, ते पूर्वेकडे असल्याने आडोशाला आहे. ऊइगकडची क्लिफ पुळण दिसायला सगळ्यात देखणी, पण तिथली खेच जोराची आहे; आम्ही नुसतं पाहून आलो आणि त्याचं वाईट वाटलं नाही. लाटा नसतील त्या दिवशी कॅलनिशची उभ्या दगडांची वर्तुळं पाहा, ती डालमोरहून अर्ध्या तासाच्या आत आहेत.

तुम्ही फक्त उबदार पाण्यात सर्फिंग केलं असेल तर लूइस ही पहिली थंड जागा करू नका. टोपी-मोजे घालून लाट धरण्याची सवय आधी करा: उन्हाळ्यात जीवरक्षक असलेल्या, कॉर्नवॉलमधल्या न्यूकीच्या किनाऱ्यांवर, किंवा एडिनबराजवळ रॅथोला २०२४ मध्ये सुरू झालेल्या कृत्रिम लाटांच्या तळ्यावर. बेटावर शिकवणारे आणि साहित्य भाड्याने देणारे आहेत, पण हंगामाबाहेर बंद असू शकतात. निघण्याआधी फोन करा.

परतीच्या बाबतीत, एक दिवस हाताशी जादा ठेवा. वारा चढला की फेरी रद्द होते, आणि सर्फिंगसाठी चांगलं हवामान आणि फेरी रद्द होण्याचं हवामान बरेचदा एकाच आठवड्यात येतं. तिकीट पुढच्या फेरीवर मिळालं तरी गाडीला जागा लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग किंवा भारताचं विमान ठेवू नका.