ओनेचं दक्षिणदार शाडूत : तिसऱ्या कमानीपर्यंत

दाराच्या चार कमानींपैकी आतल्या दोन पूर्ण सुकल्या, तिसरी अर्ध्याहून पुढे गेली. आता हे काम दार म्हणून दिसायला लागलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ओने हे पश्चिम फ्रान्समधल्या सेंतोंज प्रांतातलं गाव. तिथलं संत पीटरचं चर्च बाराव्या शतकातलं, जुन्या दफनभूमीच्या मधोमध उभं. तूरहून स्पेनमधल्या सांतियागोला निघालेले यात्रेकरू याच वाटेने जायचे, म्हणून १९९८ मध्ये त्या यात्रामार्गाबरोबर हे चर्चही जागतिक वारसा यादीत आलं. फ्रान्सने १८४० मध्ये संरक्षित वास्तूंची पहिली यादी केली, तिच्यातही ते होतं.

मला वेड लावलं ते दक्षिणेच्या दाराने. कमानीखाली मूर्तिकामाला सपाट जागाच नाही. सगळी शिल्पं कमानीच्या पाचरीसारख्या दगडांवर, एका दगडावर एक आकृती, डोकं बाहेर आणि पाय दाराच्या मध्याकडे. पश्चिमेच्या मुख्य दारावर दुर्गुणांना पायाखाली तुडवणाऱ्या सद्गुणांच्या लांब मूर्ती कमानीच्या वळणाबरोबर वाहतात. तिथे एक मूर्ती अनेक दगडांवर पसरते. दक्षिणेला मात्र दगड मालक आणि मूर्ती भाडेकरू.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा तिसऱ्या कमानीवर आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सिंहासनाभोवती २४ वडीलधारे बसलेले आहेत. ओनेच्या कमानीवर ते ३१ आहेत! मुकुट घातलेले, दाढीवाले, हातात वाद्य आणि कुपी. माझ्या मते पाथरवटाला २४ हा आकडा पक्का ठाऊक होता. पण कमानीला जितके दगड लागले तितके वडीलधारे त्याने बसवले. ग्रंथापेक्षा बांधकामाचा हिशेब वरचढ ठरला, आणि मला तो माणूस त्यामुळेच फार जवळचा वाटतो.

म्हणून मीही कमान अखंड थापून वर मूर्ती चिकटवत नाही. एकाच वेळी मळलेल्या मातीची पट्टी थापायची, मध्यबिंदूपासून दोरीने रेघा मारायच्या, पाचरी कापायच्या आणि प्रत्येक पाचर सुटी कोरायची. शाडू सुकताना आकसते. सगळ्या पाचरी एकाच गोळ्यातल्या असल्या की सारख्याच आकसतात आणि सांधे जुळतात. कोरून झालेली पाचर ओलसर फडक्याखाली सावलीतच सुकवायची, पंख्याखाली नाही, नाहीतर नाकं आणि बोटं आधी तडकतात. रंग देणार नाही. सुकलेल्या शाडूचा पांढुरका रंग तिथल्या चुनखडीच्या दगडाला शोभतो.

खरा कस लागतो पाचरींच्या खालच्या बाजूला. दारात उभं राहून वर पाहिलं तरच दिसतील अशा जागी छोटी माणसं कोरलेली आहेत, वरच्या मूर्तींचा भार पेलणारी. आपल्या देवळांत खांबांच्या माथ्यावर भारवाहक यक्ष असतात, अगदी त्याच कामाची. दुसऱ्या कमानीतले प्रभावळवाले संतही त्यांच्याच आधारावर आहेत. समोरून काढलेल्या फोटोंत ही माणसं जवळपास नाहीशी होतात, त्यामुळे खालून वर काढलेले फोटो शोधण्यात मातीकामाइतकाच वेळ जातो. त्यांच्या वाकलेल्या पाठी कोरताना मी सर्वांत बारीक कोरणी वापरतो.

यानंतर बाहेरची चौथी कमान, प्राण्यांची आणि चमत्कारिक जीवांची. तिच्यावर चक्क वाद्य वाजवणारं गाढव आहे. 'गाढवापुढे वाचली गीता' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच कळेल.

दार पुरं झालं की चर्चच्या आतला एक स्तंभशीर्ष करायचा आहे. त्यावर तीन हत्ती आहेत आणि वर लॅटिनमध्ये कोरलंय : 'हे हत्ती आहेत'. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हत्ती कधी पाहिलाच नसणार, म्हणून पाथरवटाने नाव लिहून ठेवलं. मी ते हत्ती त्याच्यासारखेच करणार. गणपती करून सवयीचे झालेले कान आणि सोंड त्यांना लावायची नाही, हे आत्ताच ठरवून टाकलंय.