तुम्ही विचारलंत म्हणून: शुक्रवारी मी का येत नाही

चर्चमधल्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला का येत नाही, थंड पडलात का, हे गेली दोन वर्षं आपल्या मंडळीतल्या जवळपास प्रत्येकाने मला विचारलंय. पाळकसाहेबांनी प्रेमाने विचारलं, महिला मंडळातल्या वहिनींनी जरा टोचून. परवा तर तरुण संघातल्या एका मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलच्या प्रकटीकरणातलं लावदिकीयाच्या मंडळीचं वचन पाठवलं, ऊन नाही नि थंड नाही, कोमट. माझ्या मुलीच्या वयाची आहे ती. खूप लागलं मला ते, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

पहाटे साडेचारला उठणारी, वर्षात अख्खं बायबल वाचून काढणारी मी तुम्हाला माहितीये. 1189 अध्याय, रोजचे तीन-चार. लेवीय हे पुस्तक यायचं जानेवारीच्या शेवटी आणि मी ते भराभर उरकायचे, कोण वाचणार ते अर्पणांचे नियम. फक्त 19व्या अध्यायातलं दुसरं वचन तेवढं लाल पेनने अधोरेखित केलेलं, तुम्ही पवित्र व्हा कारण मी पवित्र आहे, ते. पवित्र व्हायचं होतं मला, मनापासून. मिस्टर गेल्यावर त्या पहाटेच्या दीड तासानेच मला उभं केलंय, त्यामुळे तो सगळा देखावा होता असं कोणी म्हणू नका, मीही म्हणणार नाही.

आता ती सकाळ. डिसेंबरची 21 तारीख, नाताळची शिलाई अंगावर आलेली, घरभर फ्रॉकचे ढीग, डब्यात करंज्या, रात्री कॅरोलवाले येऊन गेलेले. काज-बटण आणि हातशिलाईला माझ्याकडे एक बाई होती, तिचे तीन आठवड्यांचे 1850 रुपये माझ्याकडे राहिले होते. पैसे नव्हते असं नाही, कपाटात होते. नाताळ झाला की एकदम देऊ, एवढंच डोक्यात. पावणेसहाला दार वाजलं. मी गुडघ्यावर होते, मंडळीतल्या आजाऱ्यांची यादी समोर, एकेकाचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना चाललेली. पुन्हा वाजलं. आणि मला काय वाटलं सांगू, सैतान व्यत्यय आणतोय. मी येशूच्या नावाने त्या आवाजाला धमकावलं आणि आवाज आणखी चढवला. तिसऱ्यांदा वाजलं ते अगदी हळू होतं, दोन बोटांनी वाजवल्यासारखं. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

दुपारी ती कामाला आली, उशिरा. धाकट्याला रात्रभर ताप, छाती भरलेली, सिव्हिलला दाखल करून आली होती, शेजारणीकडून व्याजाने पैसे उचलून. सुईत दोरा ओवत म्हणाली, "सकाळी आले होते ताई. तुमची प्रार्थना चालू होती ना, आवाज येत होता बाहेर. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

मी म्हणाले, "हो गं, नाही आलं."

पैसे लगेच दिले, वर हजार जास्त. तिने मोजले आणि हजार परत माझ्या मशीनवर ठेवले, माझे एवढेच होतात म्हणाली. पोरगं आठ दिवसांनी बरं होऊन घरी आलं.

जानेवारीअखेर वाचता वाचता लेवीय 19 आलाच. दुसऱ्या वचनाखाली माझी लाल रेघ, आणि अकरा वचनं पुढे, त्याच पानावर, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. तिथे रेघबिघ काही नाही. इतकी वर्षं दरवर्षी वाचत होते मी ते पान! त्याच अध्यायात खऱ्या तागडीचं आहे, खऱ्या वजनांचं आहे, शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडायचं आहे. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव काढलं की आपण 1905 ची आत्मिक जागृती, मुलींच्या रात्र रात्र चाललेल्या प्रार्थना एवढंच सांगतो. पण त्याच आवारात छापखाना होता आणि रमाबाईंनी मराठीत केलेल्या बायबलचे छपाईचे खिळे मुलींनी हातांनी जुळवले, ते साक्षीत कोणी सांगत नाही.

तर आता शुक्रवारी संध्याकाळी मी माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशोब करते. पहाटे वीस मिनिटं प्रार्थनेला बसते, दाराची कडी काढून. हिशोबाला अर्धा तासच लागतो, उरलेला वेळ यायला काय झालं, असं वहिनी म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. खरं सांगायचं तर त्या सभेत आवाज चढायला लागले की मला ते तिसरं हळू वाजलेलं दार ऐकू येतं आणि मी पुढे प्रार्थना करू शकत नाही.

पूर्वीची मी माझ्याशी भांडते अजून. म्हणते, मजुरी वेळेवर देणं ही काय भक्ती झाली का, तेवढं तर कोणीही भला माणूस करतो, त्यासाठी ख्रिस्त कशाला लागतो? आणि दीड तासाची वीस मिनिटं झाली त्याला तू त्या बाईचं निमित्त करतेयस. माझ्याकडे याला उत्तर नाही. काही सकाळी वाटतं तीच खरी होती, निदान तिला देवाची भूक तरी होती.

ईस्टरच्या आधीच ती बाई काम सोडून गेली, दुसरीकडे जास्त मिळतात म्हणाली. कधीमधी दिल्लीगेटला भेटते, पोरगं आता उंच झालंय. थांबून विचारपूस करते, बरं असतं का ताई, माझ्यासाठी पण करत जा प्रार्थना, असं म्हणते. तिला अजून वाटतं मला दार ऐकू आलं नव्हतं.