तुम्ही विचारलंत म्हणून : समुद्र शेजारी, मग वाळवंट कसं?

भूगोल शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. नकाशात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर बोट ठेवून विचारतात, "अहो, समोर जगातला सगळ्यात मोठा महासागर आणि इथे वाळवंट? असं कसं?" पाठ्यपुस्तकाचं उत्तर एका ओळीचं आहे : किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, म्हणून. हे खोटं नाही. पण एवढ्यावर भागवलेलं मला पटत नाही.

कारण त्याच किनाऱ्यावर, बरंच दक्षिणेला, चिलीतलं वाल्दिव्हिया आहे. तिथला समुद्र याच वाळवंटी पट्ट्यात वसलेल्या लिमापेक्षाही (पेरूची राजधानी) गार, आणि पाऊस मात्र वर्षाला २००० मिलीमीटरच्या आसपास. नुसत्या गार पाण्यानं वाळवंट होत असतं, तर ते आधी इथे व्हायला हवं होतं.

तेव्हा सुरुवात हवेपासून करू. हवेत बाष्प असणं वेगळं आणि त्याचा पाऊस होणं वेगळं. पावसासाठी हवा वर चढावी लागते. वर गेली की ती प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. खाली उतरणारी हवा उलट तापत आणि कोरडी होत जाते. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा साधारण ३० अंश अक्षांशाजवळ खाली उतरते. व्यापारी वाऱ्यांचं, म्हणजे उष्ण कटिबंधात पूर्वेकडून सतत वाहणाऱ्या वाऱ्यांचं, कोडं सोडवताना १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीनं या अभिसरणाची कल्पना मांडली. गृहस्थ पेशानं वकील होते, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. हवेचं हे उतरणं महासागरांच्या पूर्व बाजूला, म्हणजे खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांलगत, जास्त जोरकस असतं. दक्षिण पॅसिफिकवरच्या जास्त दाबाच्या पट्ट्याचा असर लिमापर्यंत, पार १२ अंश दक्षिणेपर्यंत पोचतो.

समुद्राचा वाटा आता येतो, आणि तो वाराच घडवून आणतो. किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे वाहणारा वारा वरचं पाणी पुढे ढकलतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात ते डावीकडे वळतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर जातं. त्याची जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे लिमासमोरचा गारवा सगळाच दक्षिणेकडून वाहत आलेला नाही. बराचसा तिथेच खालून वर आलेला आहे.

आता खाली गार पाण्याला चिकटून थंड, दमट हवा आणि तिच्यावर उतरत आलेली उबदार, कोरडी हवा. पातेल्यावर झाकण बसावं तशी ही वरची हवा बसते. खालची जड हवा तिला भेदून वर जाऊ शकत नाही. लिमात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश करडं असतं, सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, रस्ते ओलसर, कपडे वाळता वाळत नाहीत. आणि पाऊस? भुरभुर, तेवढीच. शहरातून अँडीजच्या दिशेनं चढायला लागलं की हजारेक मीटरच्या आतच ढग खाली राहतात आणि लख्ख ऊन लागतं. उत्तर चिलीत काही ठिकाणी डोंगरावर जाळ्या उभारून या धुक्यातून पाणी गोळा केलं आहे. म्हणजे पाणी हवेत आहेच, फक्त पडत नाही.

पूर्वेकडून, अटलांटिकवरून येणारं बाष्प अँडीजच्या पलीकडच्या उतारावरच रिकामं होतं. ब्राझीलचं साल्व्हादोर जवळपास लिमाच्याच अक्षांशावर आहे, पण खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर. समोर कोमट समुद्र, त्यावरून थेट येणारे व्यापारी वारे, आणि पाऊस साधारण वाल्दिव्हियाइतका.

वाल्दिव्हियाचं कोडंही इथेच सुटतं. तिथे हवा उतरण्याचा पट्टा मागे पडलेला असतो. पश्चिमी वारे वादळं घेऊन येतात आणि त्यांना अँडीज आडवा येतो, म्हणून हवा वर चढते. उत्तरेला पाऊस अडवणारा डोंगर दक्षिणेला तोच पाऊस पाडून घेतो. आफ्रिकेतल्या नामिबियाच्या किनाऱ्यावर बेंग्वेला या थंड प्रवाहाशेजारी लिमासारखीच जुळणी आहे. त्या उदाहरणावर मी इथे फार थांबत नाही.

यावर चाणाक्ष विद्यार्थी पुढचं विचारतातच : समुद्र तापला तर? दर काही वर्षांनी येणाऱ्या एल निनोत तेच होतं. व्यापारी वारे मंदावतात, किनाऱ्याशी पाणी कोमट होतं, हवा वर चढू लागते. १९९७-९८ मध्ये उत्तर पेरूत इतका पाऊस झाला, की सेचुराच्या वाळवंटात अवाढव्य सरोवर तयार झालं. त्याच काळात पेरूच्या कोळ्यांचं अँचोव्हेटा हे मासे पकडण्याचं प्रमाण कोसळलं, कारण खालचं गार पाणी जे पोषक क्षार वर आणायचं, ते येणंच घटलं होतं.