कॉलर गप्प होतो तेव्हा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये आमच्या कॉन्ट्रा डान्सवाल्यांचा, म्हणजे रांगांत जोडीजोडीने नाचायच्या लोकनृत्यवाल्यांचा, वार्षिक मेळा मार्चमध्ये असतो. दारात बर्फाचा चिखल, आत घामाने भिजलेले सदरे. हिशेब, नवी समिती, हॉलच्या भाड्याचं रडगाणं दहा मिनिटांत उरकतं. खजिनदार मीच, पण माझंही लक्ष फिडल जुळवणाऱ्याकडेच.

दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. पुढची चाल माइकवरून सांगत राहणारा तो कॉलर. ६४ ठोक्यांत एक आवर्तन संपतं, जोडी एक घर सरकते आणि पुढे नवी जोडी येते. 'स्विंग' ही आपल्या फुगडीची चुलत बहीण. घेरी येऊ नये म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे मला आजीनं कधीच शिकवलं होतं. जोडीत डावीकडचा आता 'लार्क', उजवीकडचा 'रॉबिन'. पूर्वी पुरुष-बायका असं होतं. जुन्यांनी थोडी कुरकुर केली, मग शिकले.

मी वाट बघते ती 'कोरस जिग' या जुन्या नाचाची. आमचे सर्वांत वयस्कर कॉलर तरुणपणी इथल्याच रॅल्फ पेज या नामांकित कॉलरच्या कॉलवर नाचलेले. पेज १९८५ मध्ये गेले, पण यांच्या बोलण्यात ते अजून वर्तमानकाळातच असतात. "नाव जिग, धून मात्र रील!" (जिग आणि रील, दोन्हींची लय वेगळी.) हा विनोद दरवर्षी तोच, आणि आम्ही हसतोही तेवढंच. मग चार-पाच आवर्तनांनंतर ते हळूच कॉल थांबवतात. फक्त फिडल, पियानो आणि पावलं. अख्खी रांग कुणी न सांगता वळते. तिथे माझा गळा दाटतो, दरवर्षी.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला गाडी लावायला जागा मिळत नाही. इथे बारा वर्षं आमंत्रणं देतेय. तिघं आले, त्यातले दोघं सूपपुरते. असो.

आभार मानायचे तर पियानोवाल्या बाई, बॅन्जोवाला कॉलेजकुमार, माइक सांभाळणारा, दारावर पैसे घेणाऱ्या निवृत्त शिक्षिका, सूप करणारं जोडपं, लाकडी फरशी झाडणारी मुलं. बर्फ उपसणारा शेजारी, जो स्वतः कधीच नाचत नाही, पण वॉल्ट्झचा नाच संपेपर्यंत बूट घालून दारातच उभा असतो. आणि ॲपल पाय (सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणणाऱ्या काकू! गेल्या वर्षी त्यांचं नाव घ्यायचं राहिलं, तर मेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

सूपच्या पातेल्याचं झाकण अजून माझ्याच गाडीत आहे.