तुम्ही विचारलंत म्हणून: पत्ता हॅम्बुर्गचा, मग आल्टोना का सांगतेस?

इकडे येऊन गेलेले पाहुणे विचारतात, फोनवर मावशी विचारते, नव्याने ओळख झालेली मराठी मंडळीही विचारतात. "पाकिटावर हॅम्बुर्ग लिहितेस आणि कुठे राहतेस म्हटलं की आल्टोना सांगतेस. वेगळं गाव आहे का ते?"

होतं. पावणेतीनशे वर्षं होतं. 1664 साली डेन्मार्कच्या राजाने आल्टोनाला शहराचा दर्जा दिला आणि 1 एप्रिल 1938 ला ते हॅम्बुर्गमध्ये विलीन झालं. आज हॅम्बुर्गच्या सात जिल्ह्यांपैकी ते एक. पण एकेकाळी डॅनिश राज्यात कोपनहेगनच्या खालोखाल मोठं शहर हेच होतं, आणि हॅम्बुर्गच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. आल्टोना म्हणजे 'फारच जवळ', अशी नावाची फोड इथली माणसं सांगतात. खरीखोटी कशीही असो, हॅम्बुर्गकरांना हा शेजार अवघडच वाटला असणार.

दोन्ही शहरांच्या चिन्हांवर तटबंदीचा दरवाजा आहे. हॅम्बुर्गचा बंद, आल्टोनाचा उघडा. मला या गावाचा लळा लागला तो इथून. हॅम्बुर्गमध्ये ल्यूथरपंथीयांखेरीज इतरांना उघडपणे उपासना करायला बंदी होती, त्या काळात कॅथलिक, मेनोनाइट (हा एक छोटा ख्रिस्ती पंथ), ज्यू अशा सगळ्यांना इथे जागा मिळाली. 'ग्रोसे फ्रायहाइट' ही गल्ली आज रात्रीच्या झगमगाटासाठी जगभर माहीत आहे. नावाचा अर्थ 'मोठं स्वातंत्र्य', आणि ते स्वातंत्र्य मुळात धर्माचं आणि धंद्याचं. क्योनिगश्ट्रासेवरच्या ज्यू दफनभूमीतली सर्वांत जुनी थडगी 1611 ची आहेत. परक्या देशात घर मांडलेल्या बाईला उघड्या दरवाजाचं काय वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी नगरभवनासमोर नेते. ही पांढरी देखणी इमारत मुळात रेल्वे स्टेशन होती. 1844 साली कीलला जाणारी गाडी इथून सुटू लागली. पुढे स्टेशन थोडं उत्तरेला हललं आणि 1898 पासून जुन्या इमारतीत आल्टोनाचा कारभार सुरू झाला. तिथून जवळच 1900 सालचं कारंजं आहे. अर्धे माणूस, अर्धे घोडे असे दोन धिप्पाड पुतळे एका प्रचंड माशासाठी झोंबताहेत. एक आल्टोना, दुसरा हॅम्बुर्ग, असंच सगळे समजतात. मासळीच्या धंद्यावरून दोघांची चढाओढ होतीच. या कारंज्यापाशी मी कितीदा तरी उभी राहिलेय. दोघांपैकी कोणीही हरलेलं दाखवलेलं नाही. मासा अजून मध्येच आहे.

तो मासा शेवटी कुस्तीने कोणाच्या हाती गेला नाही, कागदावर गेला. 26 जानेवारी 1937 ला नाझी राजवटीने बृहद्‌-हॅम्बुर्गचा कायदा केला. आल्टोना तोवर डेन्मार्ककडून प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं होतं. आल्टोना, वान्ड्सबेक, हारबुर्ग-विल्हेल्म्सबुर्ग ही प्रशियाची शहरं हॅम्बुर्गला जोडली. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. बंदर, कारखाने आणि वस्ती एका कारभाराखाली असावी, हा विचार जुना होता आणि त्यात तथ्यही होतं, हे मी मान्य करते. आल्टोनाने स्वतःही 1889 साली शेजारचं ओटन्सन पोटात घेतलंच होतं. पण न विचारता केलेलं विलीनीकरण मला आजही खुपतं. त्यानंतर पाचच वर्षांनी, जुलै 1943 च्या बॉम्बहल्ल्यांत जुनं आल्टोना जळून गेलं. नाव गेलं नाही.

एका माणसाचं मात्र सांगायलाच हवं. माक्स ब्राउअर 1924 पासून आल्टोनाचे महापौर. 1933 साली नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला. चीन, मग अमेरिका अशी वणवण करून ते परतले आणि 1946 साली महापौर झाले, पण हॅम्बुर्गचे. नगरभवनाजवळून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, या माणसाने दोन्ही शहरं मनापासून आपली मानली असतील.

आज आल्टोनाला निवडून आलेली जिल्हा सभा आहे, पण हॅम्बुर्गचं सेनेट, म्हणजे तिथलं सरकार, तिच्याकडचा कुठलाही विषय स्वतःच्या हातात घेऊ शकतं. म्हणजे घर आपलं, किल्ली दुसऱ्याकडे.

हे सगळं मला इतकं जवळचं का, तर माझी आजी वांद्र्याची. 1950 पर्यंत वांद्र्याची वेगळी नगरपालिका होती. ती मुंबईत गेल्यावरही आजी कितीतरी वर्षं फोर्टात निघाली की "मुंबईला जाऊन येते" म्हणायची. माहीमची खाडी ओलांडली की तिच्या लेखी दुसरं गाव लागायचं. इथे माझ्या शेजारच्या आजी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, दहा मिनिटांवर बाजाराला निघाल्या की "हॅम्बुर्गला चाललेय" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिन्यातच माझे डोळे भरून आले.

जर्मनीतल्या कितीतरी लांबच्या गाड्यांवर अजून 'हॅम्बुर्ग-आल्टोना' अशी पाटी असते. आता ते स्टेशनही आणखी उत्तरेला, डीब्सटाइखला हलवायचं काम सुरू आहे. ते हलण्याआधी या. तिकीट आल्टोनाचंच काढा. मुख्य स्टेशनवर सगळा डबा रिकामा होईल, तुम्ही बसून राहा. मी फलाटावर आलेली असेन.