टप गळला तेव्हा: ताम्हिणी, दिवेआगर आणि फायबरची पट्टी

रात्री दीडच्या सुमाराला पहिला थेंब बाबांच्या चष्म्यावर पडला. चष्मा उशाशी काढून ठेवलेला होता म्हणून टक्‌टक्‌ ऐकू आली, नाहीतर गादी भिजेपर्यंत पत्ता लागला नसता. दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत गाडी लावली होती. बाहेर जुलैचा पाऊस, आणि आत छताच्या प्लायवर पंजाएवढा ओला डाग.

गाडी आम्ही जुनी घेतलेली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीची, वर फायबरचा उंच टप चढवून मोटरहोम केलेली. पुण्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असा साधारण १६० किलोमीटरचा रस्ता. साध्या कारने चार-साडेचार तास पुरतात, आम्हाला सहा लागले. शनिवार-रविवारी ताम्हिणीत जायचं तर सकाळी सातच्या आत मुळशी सोडा, नंतर धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते. उंच टप असेल तर रस्त्यावर वाकलेल्या फांद्यांकडेही लक्ष हवं. आमच्या टपाला जाताना दोनदा फांदी घासली होती. तेव्हा हसण्यावारी नेलं.

सकाळी शिडी लावून वर पाहिलं. स्कायलाइटच्या कोपऱ्यातून निघालेला वीतभर लांब तडा, कॅरिअरच्या बोल्टाभोवती अजून दोन, आणि त्यांवर आधीच्या मालकाने फासलेलं सिलिकॉन. भर पावसात काहीही चिकटत नाही, त्यामुळे तिथे शहाणपणा न करता म्हसळ्यातून ताडपत्री आणून बांधली. पुढची कड दुमडून दोरीने घट्ट आवळायची, नाहीतर वारा आत शिरून ती फुग्यासारखी उडते. माणगावपर्यंत तीनदा थांबून दोरी ओढावी लागली.

पुण्यात आल्यावर खरी गंमत. दोन फायबरवाल्यांना फोन केला. दोघांचंही उत्तर एकच, गणपती होऊ द्या. मखरं आणि देखाव्यांच्या कामात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मी चिडले होते, पण हा उशीर पथ्यावर पडला. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, म्हणजे मॅट, आणि तिला घट्ट धरणारं पॉलिएस्टर रेझिन. ओलसर हवेत हे रेझिन नीट सुकत नाही आणि मॅट दमट झाली तर थर धरत नाही. काम करायचं तर ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांतच.

दरम्यान मला वरून पट्टी मारून मोकळं व्हायचं होतं. बाबा चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. ते म्हणाले, "अगं, वरून काय बघतेस? आधी आतून उघड." आतलं अस्तर काढलं तर टपाला आधार देणारी प्लायची पट्टी काळी पडून भिजल्या बिस्किटासारखी झालेली. म्हणजे आधी आधार कुजला, मग टप हलायला लागला, मग तडा गेला. वरून बुजवला असता तर पुढच्या खड्ड्यात पुन्हा उघडला असता. प्लाय काढून दोन आठवडे पंखा लावून सगळं वाळवलं.

तडा किती खोल आहे हे कळायला दोन सोप्या युक्त्या. नाण्याने टकटक करा: घट्ट जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी ढप्प. मग अंगठ्याने दाबा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील आणि जागा लवत नसेल, तर फक्त जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा गुळगुळीत थर फुटलाय, काम सोपं. जागा लवली तर आतली मॅट तुटलीय.

दसऱ्यानंतर नऱ्ह्याच्या एका शेडमधला मिस्त्री आला. सिलिकॉन खरवडण्यातच पहिला दिवस गेला. त्याचा अंशही राहिला तर ना रेझिन धरतं ना रंग, म्हणून टपावर ते कधीही फासू नका, फट भरायला पॉलियुरेथेन सीलंट घ्या. मग तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. कडा ग्राइंडरने उतरत्या घासल्या. इथे कंजुषी नको: टपाची जाडी चार मिलिमीटर असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच सेंटिमीटर उतार हवा, कारण पट्टी त्या उतारालाच धरून राहते. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ॲसिटोनने पुसणं.

रेझिनमध्ये हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. काटा वापरा, अंदाज नको. आम्ही सकाळी आठलाच सुरुवात केली, कारण ऑक्टोबरच्या दुपारी डब्यातलं रेझिन हाताला चटका देऊन दहा मिनिटांत दगड होतं. एका वेळी पाव किलोच कालवायचं. आणि हे नीट वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) वेगळं मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो, स्फोटसुद्धा होतो. दुकानदाराकडून कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागून घेतलं तर हा प्रश्न येत नाही.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे आतून दोन आणि वरून तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. शेवटी वॅक्स घातलेला जेलकोट, कारण वॅक्स नसेल तर हवेशी आलेला पृष्ठभाग चिकटच राहतो. आतला आधार नव्या मरीन प्लायचा, तोही रेझिनने सगळीकडून बंद केलेला. कॅरिअरच्या बोल्टांखाली मोठे वॉशर टाकले.

मिस्त्रीने सांगूनही मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून घासायला बसले. काचेची धूळ अंगात चार दिवस टोचत होती. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा, मास्क, आणि नंतर गार पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने अजून खाज सुटते, हे मला आईने नंतर सांगितलं.

साहित्य आणि मजुरी मिळून खर्च झाला तो नव्या टपाच्या मानाने किरकोळ. अर्धा दिवस सोसायटीच्या पाइपने पाणी मारून पाहिलं, आत कोरडं. मेमध्ये पानशेतला वळवाने गाठलं तेव्हा बाबा टॉर्च घेऊन छताकडे बघत बसले होते. पाऊण तासाने एक थेंब पडलाच, पण तो खिडकीच्या रबरातून. रबर आता यादीत आहे.